विमानतळ आले, काम कुणाला आणि कोणते?

सोलापूरच्या विमानसेवेविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी तिकीटदर, वेळापत्रक आणि बोरामणीच्या रखडलेल्या विमानतळाविषयीची पत्रे आम्ही बाजूला ठेवली आहेत. रोजगार, कौशल्य आणि व्यापार यांविषयीच्या पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी होटगी रस्त्याच्या परिसरात राहतो. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची, विमानांच्या मार्गात अडथळा ठरणारी चिमणी पाडण्यात आली, तेव्हा विमानसेवा सुरू झाली की हजारो हातांना काम मिळेल, असे आम्ही ऐकत होतो. आता विमाने उडू लागली. ती कामे कोठे आहेत?

उत्तर : विमानतळाच्या कुंपणाच्या आत किती माणसे लागतात, हे मुख्यतः प्रवाशांच्या संख्येवर ठरते. युरोपातील विमानतळांच्या संघटनेने पूर्वी मांडलेला आणि या व्यवसायात सर्रास वापरला जाणारा एक ढोबळ आडाखा असा आहे, की वर्षाला दर दहा लाख प्रवाशांमागे विमानतळाच्या आवारात सुमारे ९५० नोकऱ्या असतात. त्यात विमान कंपनीचे कर्मचारी, सुरक्षा, सफाई, दुकाने, इंधन, अग्निशमन असे सगळे धरलेले आहे. हाच आडाखा सोलापूरला लावून पाहा. गोव्याची विमानसेवा ९ जून २०२५ रोजी आणि मुंबईची १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली. सत्तरेक आसनांचे एक विमान रोज एकदा आले आणि गेले, आणि दोन्ही वेळा त्यातले एकही आसन रिकामे राहिले नाही, असे गृहीत धरले, तरी वर्षाचे प्रवासी पन्नास हजारांच्या घरात जातात. म्हणजे आडाख्याप्रमाणे सुमारे पन्नास माणसांचे काम. अशी दोन-तीन विमाने धरली, आपल्याकडे यंत्रापेक्षा माणसे अधिक वापरली जातात हे मान्य केले, आणि विमानतळ कितीही लहान असला तरी अग्निशमन व सुरक्षेचा किमान ताफा ठेवावाच लागतो हेही लक्षात घेतले, तरी आकडा काही शेकड्यांच्या पुढे सरकत नाही. हे वाचून काहींना राग येईल, परंतु हजारोंचा हिशोब या प्रवासीसंख्येत बसत नाही.

साखर कारखान्याशी आपण मनातल्या मनात जी तुलना करता, ती अगदी स्वाभाविक आहे, आणि तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. कारखान्याला ऊस लागतो, आणि ऊस म्हटला की शेतकरी, तोडणी टोळ्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या, गॅरेज, उसाला लागणारी खते आणि पाणी अशी साखळी गावोगाव आपोआप पसरत जाते. विमानतळाला असा स्थानिक कच्चा माल लागत नाही. त्याचा रोजगार आसपासच्या गावांत जावा, अशी इच्छा असेल तर तशी व्यवस्था कुणीतरी मुद्दाम उभी करावी लागते. नाही तर बाहेरचा ठेकेदार बाहेरची माणसे घेऊन येतो आणि कुंपणापलीकडे राहणाऱ्याच्या वाट्याला केवळ आवाज येतो.

प्रवासी वाहतुकीपेक्षा अधिक कुशल हातांना काम मिळते ते विमानांच्या देखभाल-दुरुस्तीत. नागपूरला मिहान प्रकल्पात एअर इंडियाचे दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले, ते त्याचे आपल्या राज्यातील उदाहरण. मात्र असे केंद्र जेथे पुष्कळ विमानांची ये-जा असते किंवा मोठी जागा हाताशी असते तेथेच परवडते, त्यामुळे सोलापूरने त्याची स्वप्ने इतक्यात पाहू नयेत.

आणखी एक बाब सांगणे भाग आहे. लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतील मार्गांना साधारणपणे तीन वर्षे तुटीची भरपाई मिळते आणि तिच्यातील २० टक्के वाटा राज्य सरकार उचलते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच प्रत्यक्ष सुरू झाले, त्यातील ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मुदतीनंतर ५४ मार्ग टिकले. म्हणून सोलापुरात आज दिसणाऱ्या नोकऱ्या टिकतील की नाही, हे भरपाई थांबल्यानंतरही माणसे तिकीट काढतील की नाही यावर अवलंबून आहे. आणि तिकीट काढणारा मोठा वर्ग हा व्यापारी, उद्योजक आणि भाविकांचा असणार आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, जुळे सोलापूरला राहतो. लंडनचा हीथ्रो विमानतळ स्थानिकांना स्वतः प्रशिक्षण देऊन कामावर लावतो, असे माझा मुलगा सांगतो. एवढी मोठी संस्था आसपासच्या वस्तीची काळजी का घेते, आणि आपल्याकडे तसे होऊ शकेल का?

उत्तर : हीथ्रोवर सुमारे ७६ हजार माणसे काम करतात, पण त्यांतील बहुसंख्य माणसांना पगार देणारा मालक विमानतळ नसतो. विमान कंपन्या, सामान हाताळणाऱ्या कंपन्या, उपाहारगृहे, दुकाने, सफाईचे ठेकेदार असे शेकडो मालक तेथे आहेत. शेजारच्या हाउन्स्लो किंवा साउथॉलमधील एखाद्या बाईला काम हवे असेल तर तिने कुणाचे दार ठोठवायचे, हाच पहिला पेच असतो. तो सोडवण्यासाठी विमानतळाने २००४ मध्ये एक रोजगार व कौशल्य अकादमी काढली. दुकानदारी, मालवाहतूक, बांधकाम अशा कामांचे प्राथमिक शिक्षण, मुलाखतीची तयारी आणि निरनिराळ्या मालकांकडील रिकाम्या जागांची माहिती तेथे एका ठिकाणी मिळते.

काळजीमागे स्वार्थही आहे. विमानतळाच्या आत जाण्याचा पास मिळण्यापूर्वी तेथे उमेदवाराची मागील पाच वर्षांची माहिती तपासली जाते. मधले काही महिने आपण कोठे होतो आणि काय करत होतो, याचाही पुरावा द्यावा लागतो. दूरवरून आलेला आणि सहा महिन्यांत निघून जाणारा कामगार अशा ठिकाणी महागात पडतो. पहाटे चारच्या पाळीला सायकलने येऊ शकणारा शेजारी स्वस्त पडतो. शिवाय मोठ्या विमानतळाला विस्तारासाठी शेजाऱ्यांचा विरोध नको असतो, हेही आहेच.

मात्र हीथ्रोकडे आदर्श म्हणून पाहताना ऑगस्ट २००५ मधील घटना विसरता येत नाही. तेथील विमानांना जेवण पुरवणाऱ्या गेट गोर्मे या कंपनीने शेकडो कामगारांना एकाएकी कामावरून काढले. त्यांत साउथॉल परिसरातील भारतीय वंशाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी विमानतळावरील इतर कामगारांनी काम थांबवले आणि ब्रिटिश एअरवेजची विमाने जमिनीवर राहिली. विमानतळ शेजारी असला, तरी नोकरी ठेकेदाराच्या हातात असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

आपल्या देशातील दोन उदाहरणे अधिक जवळची आहेत. हैदराबादला शमशाबाद विमानतळ चालवणाऱ्या समूहाची जीएमआर वरलक्ष्मी फाउंडेशन ही संस्था परिसरातील तरुणांसाठी व्यावसायिक प्रशिक्षण केंद्र चालवते. आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या कोचीच्या विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या कुटुंबांना नोकऱ्यांबरोबरच विमानतळावरील प्रीपेड टॅक्सीचे परवाने देण्यात आले. टॅक्सीचा परवाना ही दिसायला किरकोळ बाब आहे, पण प्रवासी वाढला की तिचे उत्पन्नही वाढते, आणि म्हणून ती एकरकमी मोबदल्यापेक्षा दूरदृष्टीची ठरली, असे आम्हाला वाटते.

सोलापूरचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, म्हणजे सार्वजनिक मालकीचा आहे. त्यामुळे येथे अकादमी काढण्याइतका पैसा नसला तरी एक मागणी रास्त आहे : पार्किंग, सफाई, सामान हाताळणी अशा प्रत्येक ठेक्याच्या अटींत, रिक्त जागा प्रथम जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे आणि राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगारविषयक संकेतस्थळावर कळवाव्यात, असे एक कलम असावे. असे कलम घालायला खर्च येत नाही. ते घालण्याचा आग्रह मात्र येथील लोकप्रतिनिधींनी आणि चेंबर ऑफ कॉमर्सने निविदा निघण्याआधी धरावा लागेल. निविदा निघाल्यानंतर दिलेल्या निवेदनांना काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारावी शास्त्र शाखेत आहे. ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट, शंभर टक्के नोकरीची हमी’ अशी जाहिरात पाहून आम्ही एका क्लासमध्ये चौकशी केली. फी दीड लाख आहे. प्रवेश घ्यावा का?

उत्तर : ‘हमी’ या शब्दासाठी एक रुपयाही देऊ नये. विमानतळ प्राधिकरण किंवा विमान कंपन्या नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाहीत, आणि तसे भासवणाऱ्यांपासून सावध राहण्याच्या सूचना त्या वारंवार देत असतात. तिकीट खिडकी, बोर्डिंग, प्रवाशांची मदत या कामांसाठी कोणताही विशिष्ट पदविका अभ्यासक्रम कायद्याने सक्तीचा नाही. कंपन्या पदवीधर किंवा बारावी झालेल्या, बोलण्यात सफाई असलेल्या मुलामुलींना घेतात आणि आवश्यक ते प्रशिक्षण स्वतः देतात. इंग्रजी व हिंदी चांगले हवे. त्याबरोबर कन्नड आणि तेलुगू येत असेल तर उत्तमच. आपल्या शहरातील कित्येक मुलांना या चारही भाषा घरात, गल्लीत आणि शाळेत फुकट मिळतात, आणि अर्जात मात्र ती त्यांचा उल्लेखही करत नाहीत.

मुलीचा गट भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असा असेल, तर तिच्यापुढे याहून भक्कम वाटा आहेत. विमान देखभाल अभियंता होण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतच शिकावे लागते, परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव घ्यावा लागतो. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. क्लासच्या भिंतीवरील प्रमाणपत्राऐवजी ती यादी पाहावी. हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे असेल तर भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि विमानतळ प्राधिकरणाची देशपातळीवरील परीक्षा द्यावी. वैमानिक होण्याचा खर्च फार मोठा आहे. बारामतीला उड्डाण प्रशिक्षण संस्था आहेत, हे माहितीसाठी सांगतो.

ज्यांना इतकी वर्षे शिकणे परवडत नाही, त्यांच्यासाठीही दोन मार्ग आहेत. प्राधिकरण शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार आयटीआय, पदविका आणि पदवीधर उमेदवारांना ठरावीक मुदतीसाठी विद्यावेतन देऊन घेते. तसेच अग्निशमन विभागात जाण्यासाठी शारीरिक क्षमतेबरोबर वाहन चालवण्याचा परवानाही पाहिला जातो, त्यामुळे ज्या मुलाचा कल त्या बाजूला आहे त्याने जड वाहनाचा परवाना लवकर काढावा. कोणत्याही मार्गाने आत गेले, तरी पोलीस पडताळणी होते. एखाद्या मोर्चातील किंवा भांडणातील किरकोळ गुन्हाही तेथे आडवा येऊ शकतो; हे पालकांनी मुलांच्या कानावर घातलेले बरे.

लहान विमानतळाचा एक फायदा मोठ्या शहरातील लोकांच्या लक्षात येत नाही. एटीआरसारखे लहान, पंख्यांचे विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळतो. तेवढ्यात चाकांना अडसर लावणे, भोवती शंकू मांडणे, पायऱ्या, सामान उतरवणे, केबिनची सफाई, इंधन, नव्या बॅगा चढवणे असे सर्व उरकायचे असते. त्याच वेळी प्रवासी किती, कोठे बसले, सामान किती आणि ते पुढच्या कप्प्यात आहे की मागच्या, यावरून विमानाच्या वजनाचा व तोलाचा तक्ता भरायचा असतो. लहान विमानात चार जड बॅगांची जागा चुकली तरी हिशोब बदलतो. मुंबईत यातील एकेका कामाला स्वतंत्र विभाग आहे. सोलापूरसारख्या ठिकाणी मात्र सकाळी काउंटरवर बसणारी मुलगीच तासाभराने बोर्डिंगच्या दारावर उभी असते आणि तक्ता कसा भरतात हेही पाहत असते. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत का चालत नाही, हे तिने प्रवाशाला दिवसातून वीस वेळा समजावलेले असते. येथे दोन वर्षे काढलेल्या मुलीला नवी मुंबई, पुणे किंवा हैदराबादला मागणी राहील, असे आम्हाला वाटते. तेव्हा पगार थोडा कमी असला तरी पहिली नोकरी घराजवळ मिळत असेल तर नाकारू नये.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. विमानसेवेमुळे आमच्या मालाला काय फायदा?

उत्तर : टॉवेल विमानाने पाठवण्याचा विचार करू नये. किमतीच्या मानाने वजन आणि आकारमान इतके, की विमानाचे भाडे मालाला परवडत नाही. परदेशी जाणारा माल कंटेनरने न्हावा-शेवा बंदरातूनच जाईल. विमान आपल्याकडे आणणार आहे तो खरेदीदार. मुंबईचा माणूस रात्रीच्या रेल्वेने किंवा फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतने येतच होता. पण गोव्यातील हॉटेलांच्या खरेदी व्यवस्थापकाला सोलापूर आजवर गैरसोयीचेच होते. गोव्याच्या सेवेचा सर्वांत सरळ उपयोग आम्हाला तेथे दिसतो. शेकडो हॉटेले, प्रत्येक खोलीत टॉवेलांचे दोन-तीन संच, आणि रोजच्या धुलाईमुळे ते सतत बदलावे लागतात.

पण हॉटेलची मागणी आणि आपली सवय यांत अंतर आहे. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आपली जॅकार्डची नक्षी आणि रंग प्रसिद्ध आहेत; हॉटेलला मात्र बहुधा साधा पांढरा टॉवेल हवा असतो. तो ठरलेल्या जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ठरावीक ग्रॅम वजनाचा हवा, पहिल्या आणि दहाव्या लॉटमधील पांढरेपणा सारखा हवा, गरम पाण्यात पन्नास वेळा धुतल्यावर काठ वळता कामा नये आणि आटण्याचे प्रमाण आधी सांगितलेले असावे. नमुना दाखवताना न धुतलेल्या टॉवेलाबरोबर वीस-पंचवीस वेळा धुतलेला टॉवेलही पुढे ठेवावा. खरेदीदार धुतलेलाच हातात घेऊन पाहतो.

विमानतळ स्वतःही ग्राहक आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, प्राधिकरणासारख्या सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के राखीव आहे. यासाठी उद्यम नोंदणी आणि सरकारी खरेदीच्या जेम संकेतस्थळावर नाव हवे. पात्र उद्योगांना निविदेची अनामत रक्कम भरण्यातून सूट मिळते. गणवेश शिवणाऱ्यांनीही हे वाचावे. सुरक्षा, सफाई, सामान हाताळणी या सगळ्यांना गणवेश लागतात आणि गणवेशाच्या धंद्यात आपले शहर नवखे नाही. बिल थकले तर ४५ दिवसांनंतर कायद्याने व्याज मागता येते, पण पुढच्या ऑर्डरच्या भीतीने ते मागायला फारसे कुणी धजावत नाही, हेही आम्ही जाणतो.

प्रश्न : सांगोल्याला आमची डाळिंबाची बाग आहे. सोलापूरहून डाळिंब विमानाने परदेशी जाईल का?

उत्तर : सध्याच्या लहान प्रवासी विमानांतून नाही; त्यांच्या पोटात प्रवाशांचे सामान ठेवल्यावर फारशी जागा आणि वजन उरत नाही. शिवाय डाळिंबाचा कल उलट दिशेला आहे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सहभागाने झालेल्या चाचण्यांत फळ साठ दिवसांपर्यंत टिकवता आले, आणि त्यामुळेच २०२३ मध्ये अमेरिकेला विमानाने नमुना पाठवल्यानंतर २०२५ च्या मार्चमध्ये भगवा जातीच्या डाळिंबाची खेप समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोहोचू शकली. देशांतर्गत बाजारासाठी रेल्वेचा अनुभव आपल्याला आहेच : डिसेंबर २०२० मध्ये देशातील शंभरावी किसान रेल सांगोल्याहूनच कोलकात्याजवळच्या शालिमारला सुटली होती. पॅकहाउस, शीतगृह आणि रेल्वेचे डबे यांसाठी आग्रह धरावा.

प्रश्न : आमचा मोहोळ तालुक्यात महिला बचत गट आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी करतो. विमानतळावर विक्रीला जागा मिळते का?

उत्तर : प्राधिकरणाची ‘अवसर’ नावाची योजना २०२२ पासून आहे. तिच्यात बचत गटांना विमानतळावर साधारण १०० ते २०० चौरस फुटांची जागा पंधरा-पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने दिली जाते. तुम्ही उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षामार्फत सोलापूर विमानतळाच्या संचालकांकडे लेखी अर्ज करावा.

तयारी मात्र आतापासून करावी. अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, वजन आणि घटक छापलेले वेष्टन नसेल तर अर्ज पुढे जाणे कठीण. विमान प्रवाशाच्या हातातील सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि बॅग आधीच भरलेली असते, म्हणून किलोच्या पिशवीपेक्षा १०० आणि २०० ग्रॅमची पाकिटे अधिक खपतील. चटणी कोरडी असावी; तेल सुटणारे पाकीट कुणी बॅगेत ठेवत नाही. कडक भाकरी पिशवीत गेली की घरी पोहोचेपर्यंत तिचा चुरा होतो, तिला पुठ्ठ्याचा उथळ डबा हवा. पंधरा दिवसांत किती विकले यापेक्षा प्रत्येक पाकिटावर छापलेल्या फोन क्रमांकावर पुढे किती ऑर्डर आल्या, याची नोंद ठेवावी, कारण जागा सोडल्यावर तोच धंदा उरतो.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. विमानतळावरच्या प्रवाशांचा आम्हाला काही उपयोग होईल का?

उत्तर : शहरातल्या शहरात होईल, पण खरी कमाई भाविकांच्या फेऱ्यांत आहे. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर सत्तरच्या पुढे. इतक्या अंतरासाठी प्रवासी चारचाकी मागतो आणि रिक्षाचा परवानाही तेथपर्यंत चालत नाही. आठ-दहा रिक्षाचालकांनी एकत्र येऊन पर्यटक परवान्याच्या एक-दोन गाड्या घेतल्या आणि संस्था नोंदवली, तर विमानतळाच्या आवारातील टॅक्सी सेवेच्या निविदेत भाग घेता येतो. एकट्या चालकाला तेथे उभे राहणेही अवघड जाते. संस्थेची नोंदणी, परवाने आणि कर्ज यांना वेळ लागतो, तेव्हा निविदेची जाहिरात येण्याची वाट न पाहता कागदपत्रे आधी पूर्ण करावीत.